शर्यतीच्या मोटारीतील शीतक आणि गोठ्याची सुरक्षितता

चाकण म्हटले की जुन्या माणसांस कांद्याचा बाजार आठवतो. तो बाजार आजही भरतो. परंतु बाजाराच्या चारही अंगांस आता कारखान्यांची दाटी झाली आहे. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याची स्थापना झाली. पुढे चिंचवड, आकुर्डी व भोसरी येथील माळावर मोटारी, रिक्षा, दुचाक्या व त्यांचे सुटे भाग तयार होऊ लागले, आणि २००९ साली चाकण येथे फोक्सवागनचा कारखाना सुरू झाल्यानंतर हा पट्टा खेड तालुक्यात खोलवर शिरला. या भागातील कित्येक घरांत आज एक भाऊ शेती पाहतो आणि दुसरा कारखान्यात किंवा गॅरेजात काम करतो. पुष्कळ ठिकाणी गॅरेजची पत्र्याची शेड आणि गोठा यांच्या मध्ये एका कुडाचेच काय ते अंतर असते.

याच पट्ट्याचा शर्यतीच्या मोटारींशीही संबंध आला. चाकणला त्या काळी तयार होणाऱ्या पोलो गाडीवर आधारलेली पोलो चषक ही शर्यतमाला २०१० साली सुरू झाली, व पुढे २०१७ साली अमेओ गाड्यांची शर्यतमाला झाली. पिंपरी-चिंचवड परिसरातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थीही स्वतः लहान शर्यतीच्या गाड्या बांधून कोइमतूरजवळच्या कारी मार्गावरील स्पर्धेस नेतात. हौशी चालक आपली रोजची मोटार घेऊन अशा मार्गांवर जातात ते निराळेच. या सर्वांस निघण्यापूर्वी एक काम करावे लागते. इंजिनात असलेले रंगीत शीतक काढून टाकून त्या जागी साधे पाणी भरावे लागते. असे का करतात, त्यात इंजिनाचे काय होते, आणि काढलेले शीतक पुढे कोठे जाते, या तिन्ही गोष्टी शेतकरी कुटुंबांनी समजून घेण्यासारख्या आहेत. त्यांतली तिसरी सर्वांत महत्त्वाची होय.

शीतकाचे काम

इंजिन थंड राखण्यासाठी त्याच्या पोकळ भिंतींतून व रेडिएटरमधून जो द्रव फिरतो त्यास शीतक म्हणतात. बाजारात तो ‘कूलंट’ या नावाने मिळतो. इंधनातील उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्साच चाकांस मिळतो. साधारण तितकीच उष्णता धुराबरोबर जाते, आणि उरलेली बहुतांश शीतकास वाहून न्यावी लागते. रस्त्यावर मोटार क्वचितच पूर्ण जोराने चालते. शर्यतीच्या मार्गावर मात्र ती प्रत्येक फेरीत बराच वेळ पूर्ण जोरावर असते, आणि म्हणून शीतकावरील भार रस्त्यावरच्यापेक्षा कितीतरी वाढतो.

उष्णता वाहून नेण्यात पाण्याची बरोबरी करील असा स्वस्त द्रव दुसरा नाही. मग रोजच्या गाडीत पाणी का भरीत नाहीत? त्याची कारणे तीन. पाणी शून्य अंशास गोठते व गोठताना फुगून इंजिनाचा ठोकळा फोडते. ते धातूस गंजविते. आणि ते लवकर उकळते. समुद्रसपाटीस १०० अंश सेल्सिअसला, तर चाकणसारख्या सुमारे ६०० मीटर उंचीवरील गावी ९८ अंशांच्या आसपास. यांवर तोड म्हणून थंड देशांत पाण्यात एथिलीन ग्लायकॉल मिसळण्याची रीत १९२० नंतरच्या दशकात रूढ झाली. निम्मे पाणी व निम्मे ग्लायकॉल असे मिश्रण उणे ३५ अंशांच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही व १०७ अंशांच्या सुमारास उकळते. त्यात गंजप्रतिबंधक द्रव्ये घालतात आणि ओळखीसाठी हिरवा, नारिंगी किंवा गुलाबी रंग देतात. या रंगास कोणतेही प्रमाण नाही, हे येथेच सांगितलेले बरे. एका कंपनीचा हिरवा व दुसरीचा हिरवा एकाच जातीचे असतील असे नाही, आणि दोन जाती मिसळल्यास गंजप्रतिबंधक द्रव्ये निकामी होण्याचा संभव असतो.

पुणे जिल्ह्यात रेडिएटरमधील पाणी गोठण्याइतकी थंडी पडत नाही. म्हणजे तीन कारणांपैकी पहिले येथे लागू नाही. तिसऱ्यावर रेडिएटरच्या दाबाच्या झाकणाने बरीच मात करता येते. झाकण आतील दाब धरून ठेवते, आणि दाब वाढला की उकळण्याचे तापमानही वाढते. सुमारे एक वातावरण जादा दाब धरणाऱ्या झाकणाखाली साधे पाणीदेखील १२० अंशांच्या आसपास उकळते. मात्र झाकणाचे रबर झिजले असेल तर हा सारा हिशेब फुकट जातो. स्वयंपाकघरातील कुकरची रिंग सैल झाली की डाळ शिजत नाही, तसाच हा प्रकार आहे.

मार्गावर ग्लायकॉल का नको

शर्यतीत होज पाईप फुटणे, रेडिएटरला दगड लागणे किंवा गाड्या एकमेकींवर आदळणे या नेहमीच्या गोष्टी आहेत. अशा वेळी पाच-सहा लिटर द्रव क्षणार्धात मार्गावर सांडतो. तो द्रव साधे पाणी असेल तर तापलेल्या डांबरावरून त्याची थोड्याच वेळात वाफ होते. ग्लायकॉल मात्र शुद्ध स्थितीत १९७ अंशांस उकळते. त्यामुळे मिश्रणातील पाणी उडून गेले तरी ग्लायकॉलचा पातळ थर तसाच राहतो. शिवाय ते हवेतील ओलावा ओढून घेते, त्यामुळे तो थर सहजी वाळत नाही. तो डोळ्यांस दिसतही नाही. मागून ताशी दीडशे किलोमीटरने येणाऱ्या चालकास वळणावर ब्रेक दाबल्यावरच त्याचा पत्ता लागतो, व तेव्हा वेळ गेलेली असते. मग शर्यत थांबवून मार्ग पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावा लागतो.

ज्यांनी घाटात बैलगाडे पळताना पाहिले आहेत त्यांस हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. यात्रेपूर्वी धाव झाडून एकेक खडा वेचतात तो याच भीतीने. भर वेगात पाय घसरला तर बैल, गाडा व माणूस या तिघांच्याही जिवावर बेतते.

यासाठी विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धांच्या नियमांत स्पष्टच म्हटले आहे की, पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात फक्त साधे पाणी असावे. ग्लायकॉल नको, पंपाचे वंगण नको, किंवा पाण्याचा पृष्ठताण कमी करून ते धातूस अधिक चांगले भिडावे म्हणून मिळणारी औषधेही नकोत. विजेच्या गाड्यांतही ज्या भागांस पाण्याने थंड करावयाचे तेथे साधे पाणीच. उकळून बाहेर येणारे पाणी मार्गावर न पडता गाडीवरच झेलले जावे म्हणून वेगळा डबा बसवावा लागतो. मोठ्यांच्या शर्यतींत सर्व ठिकाणचे नियम एकसारखे नसतात. काही ठिकाणी ग्लायकॉल वर्ज्य असते, पण अल्प प्रमाणात गंजप्रतिबंधक चालते. यास्तव प्रत्येक मार्गाचे नियमपत्रक आधी वाचणे हाच मार्ग होय. दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नये. ‘पाणीविरहित’ म्हणून विकली जाणारी महाग शीतकेही सामान्यतः ग्लायकॉलचीच असतात व ती मार्गावर अधिकच अपायकारक ठरतात, कारण त्यांत उडून जाण्यास पाणीच नसते.

येथे एक गंमत सांगण्यासारखी आहे. ग्लायकॉलचा दुसरा प्रकार, प्रोपिलीन ग्लायकॉल, हा बराच कमी विषारी असतो. दुभत्या गाईस व्याल्यानंतर किटोसिसचा विकार झाला असता पशुवैद्य हेच द्रव्य तिला पाजतात, हे पुष्कळ गोपालकांस ठाऊक असेल. काही शीतके त्याचीच केलेली असतात व त्यांवर ‘सुरक्षित’ असे छापलेले असते. ती गोठ्याच्या दृष्टीने कमी घातक, हे खरे; पण शर्यतीच्या मार्गावर तीही तितकीच निसरडी, म्हणून तेथे तीही वर्ज्य. शिवाय शीतकात गंजप्रतिबंधक व रंग मिसळलेले असल्याने ते औषध म्हणून जनावरास कदापि पाजू नये. तात्पर्य, डब्यावर ‘सुरक्षित’ हा शब्द दिसला की कोणासाठी सुरक्षित आणि कोठे सांडले असता सुरक्षित, हे विचारावयास हवे.

साधे पाणी भरताना

साधे पाणी म्हणजे विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणी नव्हे. काळ्या दगडातून निघणारे पुष्कळसे पाणी जड असते. ज्या पाण्यात साबणाचा फेस होत नाही व डाळ लवकर शिजत नाही ते पाणी रेडिएटरमध्ये घालू नये. त्यातील चुना तापलेल्या भिंतीवर पुटासारखा बसतो. हे पुट उष्णता अडवते, आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजविते. पाणी उकळून गाळून घेतले म्हणजे काम झाले, ही समजूत बरोबर नाही. उकळल्याने जडपणाचा काही भागच जातो. बॅटरीत घालतात ते ऊर्ध्वपातित किंवा क्षाररहित पाणीच वापरावे. मोटारीस पाच ते सात लिटर पुरते, म्हणजे खर्चही फार नाही.

अदलाबदल सावकाश करावी. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच झाकण उघडावे. तापलेले झाकण उघडल्याने तोंड व हात भाजतात. शीतक रुंद भांड्यात काढून घ्यावे, साधे पाणी भरावे, गाडीतील हीटर चालू ठेवून थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवावे, थंड होऊ द्यावे व ते पाणी काढावे. असे दोन-तीनदा केल्यावाचून कानाकोपऱ्यांतील ग्लायकॉल जात नाही. रिफ्रॅक्टोमीटर हे लहानसे उपकरण पुष्कळ गॅरेजांत असते. त्यातून पाहिले असता खूण शून्यावर यावी. पहिल्या दोन धुण्यांचे पाणीही ग्लायकॉलमिश्रितच असते, हे विसरू नये.

अर्ध्या मिश्रणाच्या तुलनेत साधे पाणी लिटरमागे दहाव्या ते आठव्या हिश्श्याने अधिक उष्णता वाहून नेते व अधिक सहज वाहते, म्हणून शर्यतीत इंजिनाची गैरसोय होत नाही. उलट ते बहुधा अधिक थंड राहते. धोका असतो तो थांबल्यावर. जोरात चाललेली गाडी एकदम उभी केली की पंप मंदावतो व इंजिनातील साठलेली उष्णता पाण्यास उकळी आणते. म्हणून शेवटची फेरी संथ गतीने घ्यावी. आणि घरी परतल्यावर पाणी फार दिवस तसेच ठेवू नये. अॅल्युमिनिअमचा रेडिएटर व बिडाचे इंजिन यांच्यामध्ये नुसते पाणी राहिल्यास अॅल्युमिनिअम झपाट्याने खाल्ले जाते. पुस्तिकेत सांगितलेले शीतक लगेच पुन्हा भरावे.

काढलेल्या शीतकाचे काय होते

एका मोटारीतून सहा लिटर मिश्रण निघाले तर त्यात तीन लिटर शुद्ध ग्लायकॉल असते. वस्तीतील गॅरेजात ते बहुधा अर्ध्या कापलेल्या डब्यात किंवा घमेल्यात काढतात. काम निघाले, माणसे जेवावयास गेली, डबा तसाच शेडच्या दारात राहिला. त्याची चव गोडसर असते. तहानलेले वासरू किंवा कुत्रे त्यास तोंड लावल्यावाचून राहत नाही.

एथिलीन ग्लायकॉल स्वतः तितकेसे जहाल नसते. यकृतात त्याचे रूपांतर होते तेव्हा ते घातक बनते. प्रथम त्यापासून ग्लायकॉलिक आम्ल होऊन रक्त आम्लधर्मी होते. नंतर ऑक्झॅलिक आम्ल तयार होते, ते रक्तातील कॅल्शियम ओढून घेते, आणि कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत अडकून बसतात. मूत्रपिंड बंद पडते.

घातक मात्रा किती लहान असते ते पाहावे. प्रौढ गाईबैलांस दर किलो वजनास ५ ते १० मिलिलिटर शुद्ध ग्लायकॉल घातक समजतात. रवंथ सुरू न झालेल्या वासरास २ मिलिलिटरही पुरते. म्हणजे ४० किलोच्या वासरास ८० मिलिलिटर, अर्थात निम्म्या मिश्रणाचे १६० मिलिलिटर. हे एका लहान पेल्याइतकेही नाही. राखणीच्या १५ किलोच्या कुत्र्यास अशा मिश्रणाचे सुमारे १३० मिलिलिटर जीवघेणे ठरते, तर मांजरास दोन चहाचे चमचे. ३५० किलोच्या गाईस साडेतीन लिटर मिश्रण म्हणजे अर्धी बादलीही नव्हे, आणि उन्हातून आलेली गाय एवढे एका दमात पिते.

लक्षणे फसवी असतात. अर्ध्या तासापासून काही तासांत जनावर झिंगल्यासारखे चालते, तोल जातो, श्वास वाढतो, तहान लागते व लघवी वारंवार होते. कुत्र्यात मध्यंतरी थोडा काळ सुधारणाही दिसते, व घरची माणसे निश्चिंत होतात; त्यानंतर दीड ते तीन दिवसांत लघवी थांबते. उपचाराचा उपयोग पहिल्या काही तासांतच होतो, कारण औषधाने यकृतातील रूपांतर थांबवावयाचे असते. एकदा स्फटिक बनल्यावर थांबविण्यासारखे फारसे उरत नाही. म्हणून जनावराने शीतक प्याल्याचा संशय जरी आला तरी लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा किंवा फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ या क्रमांकावर कळवावे, आणि शीतकाचा डबा डॉक्टरांस दाखवावा. दारू पाजणे, मीठपाणी पाजणे असले घरगुती उपाय करू नयेत. तोल गेलेल्या जनावरास काही पाजले असता ते फुप्फुसात जाते. माणसांच्या मुलांसही हे द्रव्य तितकेच विषारी आहे. थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत शीतक भरून ठेवण्याची सवय गॅरेजात सर्रास आढळते. ती तत्काळ सोडावी.

ओढ्यात ओतून दिल्यानेही प्रश्न सुटत नाही. पाण्यातील जंतू ग्लायकॉल खातात खरे, पण एक किलो ग्लायकॉल पूर्ण कुजण्यास सव्वा किलोहून अधिक प्राणवायू लागतो, आणि तो पाण्यात विरघळलेल्या साठ्यातूनच घेतला जातो. उन्हाळ्यात पवना व इंद्रायणी यांस मिळणाऱ्या ओढ्यांतून पाणी जेमतेम वाहते. तेथे एका घमेल्याचाही परिणाम माशांवर होतो.

ट्रॅक्टरधारकांसाठी

शर्यतवाले साधे पाणी भरतात, मग ट्रॅक्टरलाही तेच चालेल, असा अर्थ कोणी काढू नये. शर्यतीच्या गाडीत ते पाणी दोन-चार दिवस असते. ट्रॅक्टरमध्ये ते वर्षानुवर्षे राहते. शिवाय पुष्कळ ट्रॅक्टरांच्या डिझेल इंजिनांत पाण्याचा स्पर्श थेट सिलिंडरच्या स्लीव्हला होतो. प्रत्येक स्फोटाबरोबर स्लीव्ह थरथरते, तिच्या बाहेरील पृष्ठावर वाफेचे सूक्ष्म बुडबुडे बनून फुटतात, आणि त्या माऱ्याने लोखंडास टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे पडतात. पाणी तेलात उतरून तेल दुधट दिसू लागते तेव्हा दुरुस्तीचा खर्च मोठा येतो. गंजप्रतिबंधक द्रव्ये स्लीव्हवर संरक्षक थर धरून हे टाळतात. सबब ट्रॅक्टरमध्ये पुस्तिकेत सांगितलेले, आयएस ५७५९ या भारतीय मानकाचे शीतक सांगितलेल्या प्रमाणातच भरावे, व पातळी कमी झाल्यास विहिरीचे पाणी न ओतता तेच मिश्रण घालावे. पातळी वारंवार कमी होत असेल तर ते कोठे गळते ते शोधावे. उभ्या ट्रॅक्टरखाली जमिनीवर रंगीत डाग दिसत असल्यास ट्रॅक्टर गोठ्याशेजारी उभा करू नये.

ज्यांनी आपली शेड गॅरेजला भाड्याने दिली आहे त्यांनी भाडे ठरवितानाच काही अटी घालाव्यात. शीतक काढावयाचे ते झाकणाच्या पिंपात, त्यावर मराठीत ‘विष’ असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावे, आणि पिंप भरल्यावर ते प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या संस्थेकडेच जावे. धुण्याचे पहिले दोन पाणीही त्याच पिंपात घालावे. जमिनीवर सांडलेल्यावर कोरडी माती किंवा लाकडाचा भुसा टाकून तो गोळा करावा व जागा भरपूर पाण्याने धुवावी. तो भुसा गव्हाणीजवळ किंवा जनावरांच्या बसण्याच्या जागी पसरू नये, आणि ती माती उकिरड्यातही टाकू नये.